कानाने लावलेली फियाट

"आता कुणी बोलू नका," मी म्हणालो आणि डोळे मिटून फियाटच्या उघड्या बोनेटमध्ये कान घातला.

बोलायला तिथे तसं कुणी नव्हतंच. रविवारी गॅरेज बंद असायचं. यासीन मिस्त्री प्लॅस्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसले होते. त्यांची मुलगी रेहाना मागच्या घराच्या दारात बसून दाखले, मार्कलिस्टा आणि झेरॉक्सचे गठ्ठे लावत होती. दोघंही केव्हापासून गप्पच होते. तरी मी ते वाक्य दर रविवारी म्हणायचो. मैफिलीत गवई तंबोरा जुळवायच्या आधी घसा साफ करतो, तसं काहीसं ते होतं.

मी चिपळूणच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. आडनाव सहस्रबुद्धे. आमच्या घराण्यात यंत्राची अक्कल कुणाला नव्हती. वडिलांना घड्याळाला किल्ली द्यायचीही भीती वाटायची. ती कसर मी भरून काढायची ठरवली होती. मोटारींवरची इंग्रजी मासिकं मी पुण्याहून मागवायचो, वर्गात वारे शिकवताना मध्येच कार्बोरेटरवर घसरायचो, आणि कुठलंही इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगता येतं अशी माझी ठाम समजूत होती. माझी, आणि माझ्या माहितीप्रमाणे यासीन मिस्त्रींचीसुद्धा.

त्या काळच्या गाड्यांमध्ये माणसाला हात घालायला जागा असायची. डिस्ट्रिब्यूटर नावाची एक डबी असे. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते ती ठरवी. ती केसभर इकडे फिरवली की ठिणगी लवकर, केसभर तिकडे फिरवली की उशिरा. कार्बोरेटरवर एक स्क्रू असे. त्याने पेट्रोलात हवा किती मिसळायची ते ठरे. ही डबी आणि हा स्क्रू मी नऊ वर्षं दर रविवारी फिरवत आलो होतो.

त्या दिवशीही फिरवले. डबीच्या कडेला लाल रंगाचा एक बारीक ठिपका होता. तो कारखान्यातूनच आला असणार, असं मी मागेच मिस्त्रींना समजावून सांगितलं होतं. तो खालच्या एका रेघेवर होता; डबी फिरवून मी तो चांगला बोटभर पुढे नेला. इंजिनाचा सूर चढला.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"ऐकलं, सर," मिस्त्री म्हणाले. "आवाज सुटला एकदम."

ही त्यांची ठरलेली दाद. मी हात पुसले, चहा झाला, मग तासभर मी त्यांना इंजिनाच्या ज्वलनाविषयी सांगितलं आणि समाधानाने घरी आलो.

रविवारी लावलेली गाडी मंगळवारी खरी पळायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. सोमवारी मी शाळेत चालत जायचो. मागाहून मिस्त्री घरी येऊन माझ्या बायकोकडून, प्रभाकडून, चावी घ्यायचे आणि गाडी धुवायला न्यायचे. तो त्यांचाच आग्रह. हात मोडल्यापासून गाडी चालवायला शेजारचा एक रिक्षावाला सोबत आणायचे. मंगळवारी चावी फिरवली की गाडी अशी लोण्यासारखी चालायची की माझं मलाच कौतुक वाटायचं. माझा हात मानवायला इंजिनाला एक दिवस लागतो, असा सिद्धांत मी त्यावरून मांडला होता. स्टाफरूममध्ये तो सांगितलाही होता.

त्याच रविवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की मध्यरात्रीपासून एसटीचा संप. ते ऐकल्यावर मला पहिली आठवण रेहानाची झाली. बारावी झाल्यावर तिला डी.एड.ला जायचं होतं. कराडच्या एका अध्यापक विद्यालयाच्या प्रतीक्षायादीतून तिचं नाव वर सरकलं होतं आणि सोमवारी सकाळी अकराला मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. अकराला हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. आणि ही जागा गेली तर तिच्या मुंब्र्याच्या मामांनी पाहून ठेवलेलं स्थळ होतंच.

मी तसाच चप्पल घालून गॅरेजवर गेलो.

"उद्या सकाळी सहाला निघू," मी म्हणालो. "फियाट आहे. प्रभा पण येईल सोबतीला. तुम्ही काळजी करू नका."

मिस्त्रींना स्वतःला जाणं शक्य नव्हतं. हात मोडलेला, आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती; बापलेकीतलं एक बाहेर गेलं की दुसऱ्याला घरी थांबावं लागे. माझं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच पुन्हा पडला.

"सर, मग गाडी आज रात्री इथं आणून ठेवता का? एकदा नजर टाकतो."

"मिस्त्री, अहो दुपारीच तर मी लावलीय."

"तेच म्हणतो," ते म्हणाले. मग घाईघाईने, "म्हणजे, धुतो तरी."

"घाटात चिखलच उडणार. धुऊन काय करायचंय?"

मिस्त्रींनी आपल्या प्लॅस्टरकडे पाहिलं. मग रेहानाकडे पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते, ओठ हललेही. तेवढ्यात रेहानाच म्हणाली, "अब्बा, राहू द्या. मी आहे ना."

मुलगी धीराची आहे, असं मला वाटलं. तसं मी प्रभाला घरी जाऊन सांगितलंही.

सकाळी सहाला निघालो. सप्टेंबर संपत आला होता, आभाळ होतं पण पाऊस नव्हता. प्रभा माझ्या शेजारी थर्मास घेऊन बसली, रेहाना मागे, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून. शिरगाव, पोफळीपर्यंत गाडी ठीक चालली. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी ठीक चालते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कुंभार्ली घाट सुरू झाला आणि इंजिनातून आवाज यायला लागला. रिकाम्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा.

"हा कसला आवाज?" प्रभाने विचारलं.

"इंजिन मोकळं होतंय," मी म्हणालो. "चढ मिळाल्याशिवाय इंजिनाचा खरा गळा कळत नाही."

दोन वळणं गेली. खडे वाढले. तिसऱ्या वळणावर तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर आलो. आमच्या मागून दगडांनी भरलेला एक ट्रक आला आणि आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या क्लीनरने माझ्याकडे वळून पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

"सर," मागून रेहाना म्हणाली, "जरा थांबू या का?"

"चढावर थांबलं की इंजिनाचा दम तुटतो," मी म्हणालो. हे मी कुठे वाचलं होतं कोण जाणे. बहुधा कुठेच नाही.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी इंजिनाने माझा विचार न घेता दम तोडला. बोनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. गाडी मी कशीबशी कठड्याला लावली. घड्याळात सव्वासात झाले होते. खाली दरीत ढग साचले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. संपामुळे एसटी नाही, आणि तासाभराने गेलेल्या एकुलत्या एका जीपमध्ये माणसं टपावर बसलेली.

मी बोनेट उघडलं. माझ्याकडे खूप कारणं होती. पेट्रोल पंप, पंख्याचा पट्टा, घाटातली विरळ हवा. घाटातली हवा पेट्रोल पेटवायला पुरत नाही हे मी प्रभाला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट समजावून सांगितलं. शेवटी मी डिस्ट्रिब्यूटरच्या डबीवर हात ठेवला.

"ही अजून थोडी पुढे घ्यायला हवी," मी म्हणालो.

"सर," रेहाना म्हणाली. ती केव्हा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. "तुम्ही जरा काकूंजवळ बसता का?"

"का?"

"बसा ना, सर. दहाच मिनिटं."

तिचा आवाज अतिशय नम्र होता. वर्गातल्या एखाद्या वांड मुलाला मी याच आवाजात बाकावर बसवायचो. मी जाऊन कठड्यावर बसलो.

तिने कागदांची पिशवी उघडली. शाळा सोडल्याचा दाखला, मार्कलिस्ट, आणि त्याखाली हातरुमालात गुंडाळलेला एक स्क्रू ड्रायव्हर आणि दहा नंबरचा पाना. ओढणी तिने कमरेला घट्ट बांधली. इंजिन निवेपर्यंत थांबली, मग कपड्याची घडी घेऊन रेडिएटरचं झाकण जपून उघडलं आणि आमच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी धार धरून ओतलं. पान्याने डबीचा नट सैल केला. डबी मागे फिरवली, लाल ठिपका खालच्या त्या रेघेवर आला तिथे थांबली आणि नट आवळला. कार्बोरेटरचा स्क्रू आतपर्यंत नेला आणि तोंडाने मोजत बाहेर काढला. एक, दोन, अडीच.

कान कुठेही लावला नाही.

"काकू, चावी फिरवता?"

प्रभाने आयुष्यात पहिल्यांदा चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मंगळवारच्या आवाजात.

मला तो आवाज ओळखता आला, एवढं मात्र माझ्या कानाच्या बाजूने म्हणायला हवं.

उरलेला घाट आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. हेळवाक मागे पडलं तेव्हा मी आरशातून रेहानाकडे पाहिलं.

"तो लाल ठिपका..."

"नेलपॉलिश आहे, सर. जागा चटकन सापडावी म्हणून."

"किती दिवस चाललंय हे?"

"मी करतेय दोन महिने. अब्बांचा हात मोडल्यापासून. ते शेजारी बसून सांगतात."

"आणि त्याआधी?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "त्याआधी अब्बाच करायचे. सोमवारी."

नऊ वर्षांतले सोमवार मी मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग शेजारी पाहिलं. प्रभा समोरचा रस्ता अतिशय लक्ष देऊन बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"मला काय कळतंय गाडीतलं," ती म्हणाली. "ते धुवायला नेतो म्हणायचे, मी चावी द्यायची. धुवून आणलेली गाडी कधी धुतल्यासारखी दिसली नाही, एवढं खरं."

पाटणच्या अलीकडे रेहानाला बहुतेक माझी दया आली.

"सर, कधी कधी तुम्ही बरोबरही लावायचात. मग अब्बा काहीच न करता परत आणायचे."

"असं किती वेळा झालं?"

ती प्रामाणिक मुलगी होती. तिने आठवून पाहिलं.

"एकदा," ती म्हणाली.

कराडला पोचलो तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. ऑफिसबाहेर रांग होती, संपामुळे निम्मी नावं पुकारूनही कुणी पुढे येत नव्हतं. रेहानाचं नाव अकरा वाजून पाच मिनिटांनी आलं. हाताला काळं ग्रीस लागलेलं होतं, ते तिने ओढणीला पुसलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात पावती होती. ती प्रभाच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही नसतं आणलंत तर." मी काहीतरी पुटपुटलो. तिला कुणी आणलं याबद्दल माझ्या मनात तोवर बराच गोंधळ झाला होता.

घरी परतल्यावर मी मिस्त्रींना भेटलो नाही. आठवडाभर गॅरेजच्या रस्त्याने गेलोच नाही. शाळेत जायला लांबचा रस्ता धरला. मला राग आला होता. नऊ वर्षं या माणसाने मला वेड्यात काढलं. 'आवाज सुटला' म्हणताना मनात हसत असेल. बाकीच्या मिस्त्रींना सांगत असेल. मी भाषण तयार केलं. त्यात 'विश्वास' हा शब्द चार वेळा होता. आंघोळीच्या वेळी मी ते म्हणून बघायचो. प्रभा बाहेरून विचारायची, पाणी कमी पडलं का.

रविवारी गाडी घेऊन गेलो. रेहाना सामान बांधायच्या गडबडीत होती, तिचं वसतिगृह ठरलं होतं. मिस्त्रींचं प्लॅस्टर आदल्या दिवशी निघालं होतं. हात वाळलेल्या काटकीसारखा झाला होता आणि ते मूठ उघडझाप करत स्टुलावर बसले होते. मला पाहून उठले.

"रेहाना म्हणाली, तुम्हाला कळलं," ते म्हणाले.

भाषणाचं पहिलं वाक्यच त्यांनी काढून घेतलं. मी नुसतं विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्याच रविवारी सांगणार होतो."

"मग?"

ते पुन्हा स्टुलावर बसले. मूठ उघडली, मिटली.

"रेहानाच्या आईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते, सर. आठवडाभर काम असायचं, कळायचं नाही. रविवार जात नव्हता. पोरगी नऊ वर्षांची, ती एका कोपऱ्यात, मी एका कोपऱ्यात. तशात तुम्ही आलात. बोनेट उघडलंत आणि तीन तास बोललात."

मी दुसरं स्टूल ओढून बसलो.

"त्यातलं बरंचसं चूक होतं," मिस्त्री म्हणाले.

"बरंचसं?"

"सगळंच म्हणा. पण घरात आवाज झाला. पोरगी कोपऱ्यातून उठून बघायला आली, हा कोण माणूस, एवढा काय बोलतो. तुम्ही गेल्यावर ती हसली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तुम्ही परत आलात." त्यांनी खांदे उडवले. "मग राहिलंच."

भाषणातला 'विश्वास' मला कुठे घालावा कळेना. मी गाडीकडे पाहिलं.

"आता तुम्हीच लावत जा," मी म्हणालो. "सरळ रविवारी, माझ्यासमोर. मी हात लावणार नाही."

"मग तुम्ही येणार कशाला?"

"चहाला येईन की."

मिस्त्रींनी मान हलवली. "चहाला माणूस दहा मिनिटं येतो, सर. इंजिनाला तीन तास."

शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाले, शिकवतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पाना धरायला शिकलो, तोही उलटा धरायचो. शिकवताना मिस्त्री कधी रागावले नाहीत, फक्त मी डोळे मिटायला लागलो की म्हणायचे, "सर, डोळे उघडे ठेवा, ठिपका डोळ्यांनी दिसतो." सुट्टीत घरी आली की रेहाना माझी परीक्षा घ्यायची. वर्षभर मी नापास होत होतो.

दोन वर्षांनी एका रविवारी मी गाडी एकट्याने लावली. मिस्त्री आले, त्यांनी ठिपका पाहिला, स्क्रू पाहिला, आणि काहीही न करता बोनेट लावलं. तो माझ्या आयुष्यातला मोटारींच्या बाबतीतला सर्वोच्च क्षण. त्याच सुमारास कार्बोरेटरच्या गाड्या बाजारातून जायला लागल्या. पुढची गाडी घेतली तिच्यात डबी नव्हती, स्क्रू नव्हता. सगळं प्लास्टिकच्या एका झाकणाखाली बंद, आणि काही बिघडलंच तर सर्व्हिस सेंटरमधला मुलगा वायर जोडून संगणकाला विचारायचा. मी नुकताच पास झालो होतो आणि विषयच अभ्यासक्रमातून गेला.

रेहाना आता खेडजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलाने मला विजेवरची गाडी घेऊन दिली. तिला इंजिनच नाही. चालू केली तरी काही ऐकू येत नाही. माझ्या कानाचा प्रश्न कायमचाच मिटला.

ती घेऊन मी रविवारी मिस्त्रींकडे जातो. गॅरेज बंद होऊन बारा वर्षं झाली, पण ते त्याच शटरपुढे खुर्ची टाकून बसतात. सत्त्याहत्तर वय, गुडघे गेलेत. मागच्या रविवारी त्यांनी मला बोनेट उघडायला लावलं. आत एक स्वच्छ, रिकामा कप्पा होता. ते काठीवर जोर देऊन बराच वेळ त्यात वाकून पाहत राहिले.

"सर, यात बिघडतं काय?"

"काही नाही, मिस्त्री."

"काहीच नाही?"

"असं म्हणतात."

त्यांनी सावकाश पाठ सरळ केली आणि माझ्यासाठी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

"मग अवघड आहे," ते म्हणाले. "बसा. काहीतरी शोधून काढू."